जुन्या पद्मिनीचं इंजिन कमी झिजावं म्हणून कोणतं ऑइल वापरावं?

1982 च्या पद्मिनीत 20डब्ल्यू-50 या दाट ग्रेडचं साधं मिनरल ऑइल टाका. 5डब्ल्यू-30 सिंथेटिक महाग असलं तरी या इंजिनासाठी नाही. या 1089 सीसीच्या पुशरॉड इंजिनात रोलर नाहीत, कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याचे) लोब, म्हणजे उंचवटे, सरळ सपाट टॅपेटवर (व्हॉल्व्हकडे ढकल पोचवणाऱ्या भागावर) घासतात. तिथे दाब इतका असतो की ऑइलचा थर तुटतो, आणि मग धातूला वाचवतं ते झेडडीडीपी, म्हणजे जस्त आणि फॉस्फरस असलेलं रसायन. फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा भाग) खराब होतो, म्हणून एपीआय एसएम या ऑइलच्या दर्जाच्या मानकापासून (2004) 5डब्ल्यू-30सारख्या पातळ ग्रेडमध्ये तो 0.08 टक्क्यांपर्यंतच ठेवतात. 20डब्ल्यू-50 ला ही मर्यादा नाही, त्यामुळे वेगळी झिंकची (जस्ताची) बाटली ओतायची गरज सहसा पडत नाही (गॅरेजवाले आग्रह करतीलच). गाडी नुसती उभी असली तरी वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदला, कारण थोड्या अंतरावर फिरवून बंद केली की आत ओल आणि पेट्रोल साचतं. मात्र तुमची पद्मिनी 1995 नंतरची, कन्व्हर्टर लावलेली असेल तर जास्त झिंकचं खास 'क्लासिक' ऑइल टाळा.