जपानी की पाश्चात्त्य?

प्रश्न: 'स्कायरिम' हा पाश्चात्त्य रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम (ज्यात आपण एका पात्राची भूमिका घेतो) मनापासून खेळले. आता 'फायनल फॅन्टसी ७' हा जपानी गेम सुरू करू का? फरक काय जाणवेल?

उत्तर: जरूर करा! 'स्कायरिम'मध्ये (२०११) नायक तुम्ही घडवलात: वंश, चेहरा, नाव, सगळं तुमचं. मुख्य कथा सोडून महिनाभर भटकलात तरी कोणी अडवत नाही. 'फायनल फॅन्टसी ७'मध्ये (१९९७) नायक क्लाउड आधीच घडलेला आहे, त्याचं दुःख त्याचंच. तुम्ही सोबत चालायचं. एका वळणावर माझ्या लाडक्या पात्राचं जे झालं (कोणाचं ते सांगणार नाही), ते टाळायला मी जुना सेव्ह (खेळाचा जतन केलेला टप्पा) तीनदा उघडला. काहीच बदललं नाही. ती हतबलता मला आजही मोलाची वाटते.

आणि हो, जपानी आणि पाश्चात्त्य गेम्सची ही दोन घराणी एकमेकांना परकी नाहीत. जपानी गेम-रचनाकार युजी होरी यांना 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६) सुचला, तो 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' या अमेरिकी गेम्सच्या प्रेमातून.