नवे टायर पुढे की मागे?

प्रश्न : माझी गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. पुढचे टायर झिजलेत, मागचे बरे आहेत. आमच्याकडे पाऊस भरपूर. थंडीत पहाटे पारा शून्यापर्यंत उतरतो आणि अधूनमधून रस्त्यावर बर्फही असतो. टायरवाला म्हणतो, दोनच घ्या आणि पुढे टाका. मेहुणे म्हणतात, थोडे रुंद घ्या, पकड वाढेल. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही ऐकू नका. मेहुण्यांचा मुद्दा आधी निकालात काढू. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर शोभतो, पण साचलेल्या पाण्यात त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे तो लवकर तरंगतो. कंपनीने दिलेलंच माप ठेवा. मापापुढे ९१एच असं काही लिहिलेलं असेल, तर ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो भार आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. भाराचा आकडा कमी असलेला टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आता टायरवाल्याचं. पावसात पुढचे टायर तरंगले की स्टेअरिंग एकदम हलकं लागतं आणि गाडी सरळ जाऊ लागते. तुम्हाला ते हाताला कळतं, पाय उचलला की वेग उतरतो आणि पकड परत येते. मागचे टायर सुटले तर वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून दोनच घ्यायचे असतील तर गाडी पुढून ओढणारी असली तरी नवे मागे टाका आणि मागचे पुढे आणा.

पण मागचे ‘बरे’ म्हणजे किती? खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिमी उरलेली असते. बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादा हीच आहे, पावसाला मात्र कायदा माहीत नसतो! माझ्या हिशेबी ३ मिमीच्या खाली गेलेला टायर पावसासाठी बाद आणि बर्फासाठी ४ च्या खाली गेलेला. मोजताना आतली कडा विसरू नका. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलं असेल तर टायर बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतल्या कडेला तारा डोकावत असतात. पुढच्या चाकांची आतली कडा स्टेअरिंग पूर्ण वळवलं की दिसते.

तुमच्या रस्त्यांसाठी मी चारही बदला म्हणेन. साधारण ७ अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं, मग खाचा कितीही खोल असोत. हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहतं आणि त्याच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. उन्हाळ्यात मात्र तो भराभर झिजतो, ब्रेकही लांब लागतो. दर मोसमाला टायर बदलण्याची कटकट नको असेल तर ऑल-सीझन घ्या, पण त्यावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह हवंच. ते बर्फावर चाचणी झाल्यावरच मिळतं. नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) हे नक्षीवरून कंपनीने स्वतःच लावलेलं लेबल असतं. काचेसारख्या गोठलेल्या थरावर मात्र हिमकणाच्या चिन्हाचीही हमी धरू नका.

घेताना टायरच्या बाजूवर कोरलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. ३६२३ म्हणजे २०२३ सालचा ३६ वा आठवडा. टायरच्या एका बाजूला ते सापडले नाहीत तर दुसऱ्या बाजूला बघा.

हवा टायर गार असताना तपासा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होतो. म्हणजे २५ अंशांत भरलेली हवा शून्याच्या पहाटे चार-पाच पीएसआयने कमी भरेल.

चार टायरचं आत्ता जमत नसेल आणि मागचे मोजणीत पास झाले, तर त्यांच्याच जातीचे दोन नवे आणून मागे बसवा. बर्फ पडेल त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका.