पहिल्यांदा पेल एल बिअर चाखणार असशील तर

भावा, फ्रीजमधनं काढली की लगेच तोंडाला लावू नको, दहा मिनिटं बाहेर ठेव, लई गार असली की वासच येत नाय आणि या बिअरचा निम्मा खेळ वासाचाच असतोय. ग्लास निम्माच भर, जरा फिरव, मग नाक घाल. बिअरला वास आन कडूपणा देणाऱ्या फुलांना हॉप्स म्हणतात; त्यातले कॅस्केड जातीचे हॉप्स असतील तर पपनसाची साल सोलल्यासारखं वाटंल, सिट्रा जात असंल तर लिंबू नायतर पिकलेला आंबा. वासासाठी हे हॉप्स बऱ्याचदा बिअर उकळून गार झाल्यावर टाकतात, म्हणून वास भरपूर आन कडूपणा त्या मानानं कमी.

अल्कोहोल बहुतेक वेळा ५ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळं जिभेवर तशी हलकी लागणार, तिला पाणचट म्हणू नको. गिळल्यावर कडूपणा घशात खरवडत बसला तर मात्र बनवणाऱ्याचं गणित चुकलंय.

आन हो, सोबत आपलं सांगलीचं भडंग नको, मी तीच चूक केलेली, तिखटानं कडूपणा असा चढला की निम्मा ग्लास तसाच राहिला! खारे शेंगदाणे घे. आन बिअर पॅकिंगची तारीख बघूनच घे, जुन्या मालाला ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय.