दुसऱ्या देशाच्या भानगडीत सैन्य पाठवावं का?

सरसकट हो पण नाही आणि कधीच नाही असंही नाही. तिथल्या लोकांना आपण हवे आहोत का आणि परत कधी यायचं हे ठरलंय का, एवढं आधी बघा. 1971 ला बांगलादेशात गेलो, काम झालं, मार्च 1972 पर्यंत सैन्य परत. 1988 ला मालदीवच्या राष्ट्राध्यक्षांनी मदत मागितली, आपले पॅराट्रूपर काही तासांत पोचले, बंड मोडलं. पण श्रीलंका? 1987 ला शांतिसेना म्हणून गेलो आणि ज्या तमिळांसाठी गेलो त्यांच्यातल्याच एलटीटीई या बंडखोर संघटनेशी लढत बसलो, शेवटी तिथलं सरकारच जा म्हणायला लागलं, 1990 ला परत येईपर्यंत 1,100 च्या वर जवान जिवानिशी गेले.

आमच्या सातारा जिल्ह्यात हा नुसता चर्चेचा विषय नाही ओ. अपशिंगे मिलिटरी या एका गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात इंग्रजांसाठी लढताना गेले. आजही सुट्टी संपली की पोराला स्टँडवर सोडायला अख्खं घर येतं, एसटी हलेपर्यंत आई डब्याची पिशवी हातातनं सोडत नाही. संसदेत चर्चा आणि परतीची मुदत ठरल्याशिवाय एकही तुकडी बाहेर पाठवू नये असं मला मनापासून वाटतं. युनोच्या शांतिसेनेचं वेगळं, तिथं निदान सुरक्षा परिषदेचा ठराव तरी असतो.