गाडी-गॅरेज: वाचकांचे प्रश्न
शाफ्टवाल्या गाडीतलं तेल: आधी मोजा, मग खोला

प्रश्न: नोकरीनिमित्त मी श्टुटगार्टजवळ राहतो. गेल्या वर्षी १९७८ची बीएमडब्ल्यू आर ८०/७ मोटरसायकल घेतली. मेन स्टँडवर रात्रभर उभी राहिली की सकाळी गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला, उजवीकडे, फरशीवर तेल दिसतं. शाफ्टवरचं, म्हणजे साखळीऐवजी मागचं चाक फिरवणाऱ्या दांड्यावरचं, काळं रबरी बूटही कायम तेलकट असतं. इथल्या एका वर्कशॉपने सांगितलं की इंजिनचं मागचं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेलंय, गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील (इंजिनमागचं जड चाक) उतरवावं लागेल. खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतका आहे. हो म्हणू का? (एक वाचक, जर्मनी)

उत्तर: अजून हो म्हणू नका. तुमच्या पत्रात इंजिनचं सील गेल्याचा एकही पुरावा मला दिसत नाही. ते सील खराब झालं तर तेल इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या सांध्याखाली उतरतं, आणि बऱ्याचदा क्लचही घसरायला लागतो. तुम्ही लिहिलेला ठिपका त्याच्या बराच मागे आहे. वाऱ्याने तेल मागे सरकतं हे खरं, म्हणून नुसत्या जागेवरून निकाल लावायचा नाही. पण त्याच कारणाने नुसत्या जागेवरून इंजिनही खोलायचं नाही.

या गाडीत तेलाच्या चार वेगळ्या जागा आहेत: इंजिन, गिअरबॉक्स, उजव्या स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या हाताच्या) नळीतला शाफ्ट आणि मागच्या चाकाजवळचा फायनल ड्राइव्ह, म्हणजे शाफ्टची फिरकी चाकाला देणारी गिअरची पेटी. फिल्टर बदलताना इंजिनला साधारण सव्वादोन लिटर लागतं, गिअरबॉक्सला ८०० मिली, शाफ्टला १५० मिली आणि फायनल ड्राइव्हला २५० मिली. हे आकडे तुमच्या सालच्या मॅन्युअलशी ताडून गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं निदान त्यांच्यावर उभं आहे.

सुरुवात वासाने करा. फरशीवरचं तेल पांढऱ्या कागदावर टिपा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो आणि रंग बराच काळ मधासारखा राहतो. इंजिन ऑइल काळं पडतं आणि त्याला जळका वास येतो. एवढ्यावरच निम्मा प्रश्न सुटतो. मी जर्मनीत ज्या गॅरेजमध्ये काम शिकलो तिथले उस्ताद तेल बोटावर घेऊन नाकाशी नेल्याशिवाय पान्याला हात लावू देत नसत. आजही मी तसंच करतो.

मग गाडीचं पोट डिग्रीझरने धुऊन कोरडं करा. प्रेशरचा फवारा मात्र मारू नका. संशयाच्या जागांवर, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावर, रबरी बुटाच्या दोन्ही कडांवर, शाफ्टच्या ड्रेन प्लगभोवती आणि फायनल ड्राइव्हच्या जोडावर, टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी गरम होईपर्यंत एक चक्कर मारून या, मेन स्टँडवर लावा आणि टॉर्चने बघा. पावडरवर ओली रेघ जिथून सुरू होते ती गळतीची जागा.

तेल बाहेर कुठे येतं ते यातून कळेल. आत ते कुठून आलं, हे कळण्यासाठी मोजणी हवी, आणि माझ्या मते या गाडीच्या निदानातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. गाडी गरम असताना गिअरबॉक्स, शाफ्ट आणि फायनल ड्राइव्हचं तेल तीन वेगळ्या मापांमध्ये काढा. शाफ्टचं तर काढूनच मोजावं लागतं. तिघांमध्ये मोजून नवं तेल भरा, काहीशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा काढून मोजा. गिअरबॉक्सचं कमी झालं आणि शाफ्टमध्ये दीडशेच्या जागी दोनशे-अडीचशे निघालं, तर गिअरबॉक्सचं आउटपुट सील, म्हणजे शाफ्टकडच्या तोंडाचं सील, तेल सोडतंय. नळीत तेल जास्त झालं की ते बुटाच्या कडेतून वाट काढतं. फायनल ड्राइव्हचं घटलं आणि शाफ्टचं वाढलं, तर पिनियनचं, म्हणजे फायनल ड्राइव्हमधल्या शाफ्टकडच्या छोट्या गिअरचं, सील दोषी. फक्त शाफ्टचंच घटलं, बाकी दोन्ही जागच्या जागी, तर बूट चिरलंय, त्याचे क्लॅम्प ढिले आहेत किंवा ड्रेन प्लगचा वॉशर थकलाय. हे शेवटचं काम एका दुपारचं आहे. फायनल ड्राइव्हचं घटलं पण शाफ्टचं वाढलं नाही, तर मागचं चाक काढून ड्रम बघा. फायनल ड्राइव्हच्या चाकाकडच्या मोठ्या सीलमधून आलेलं तेल ब्रेक शूवर चढतं, आणि तसं असेल तर शू बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज आउटपुट सीलचा आहे. पण सील मागवण्याआधी एक छोटी गोष्ट बघा. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समध्ये शिरते तिथे तिला धरून ठेवणारा बोल्ट पोकळ असतो. गिअरबॉक्स त्यातूनच श्वास घेतो. आधीच्या मालकाने तो हरवून साधा भरीव बोल्ट लावला असेल, किंवा भोकात चिखल बसला असेल, तर गरम झालेल्या गिअरबॉक्समधला दाब सीलमधून बाहेर पडायला बघतो. अशा वेळी नवं सील घालूनही गळती परत येते. त्याच केबलवरची छोटी रबरी टोपी फाटलेली असेल तर तीही बदला. तिथून पावसाचं पाणी आत जातं आणि गिअर ऑइल दुधट होतं.

सील बदलायचंच ठरलं तर चाक, फायनल ड्राइव्ह आणि स्विंगआर्म उतरवावं लागतं. इंजिन आणि क्लचला हातही लावावा लागत नाही. बूट मागे सरकवलं की शाफ्टला गिअरबॉक्सशी जोडणारे चार बोल्ट दिसतात. परत लावताना ते नवेच घ्या, योग्य लांबीचे, तेलाचा अंशही नसलेले, आणि टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा. यातला एक जरी ढिला झाला तर फिरता फिरता तो गिअरबॉक्सचं अ‍ॅल्युमिनियमचं अंग खरवडतो. आउटपुट फ्लँज, म्हणजे शाफ्ट ज्याला जोडतात ती गिअरबॉक्सची चकती, निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. तो योग्य पुलरनेच काढा, हातोडा नको. बसवताना दोन्ही पृष्ठभाग कोरडे ठणठणीत हवेत. पुलर मिळत नसेल तर एवढं एकच काम जाणत्या माणसाकडून करून घ्या.

आणि सगळं तपासून खरोखर इंजिनचंच सील निघालं, तर वर्कशॉपला एक प्रश्न विचारा: फ्लायव्हील काढण्याआधी क्रँकशाफ्ट पुढून टेकू देऊन अडवणार का? क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) पुढे सरकला की त्याला जागेवर धरणारा आतला थ्रस्ट वॉशर पिनांवरून निसटतो आणि सीलच्या कामाचं इंजिनचं काम होतं. तिथपर्यंत गेलातच तर फ्लायव्हीलमागच्या ऑइल पंपाच्या झाकणाची ओ-रिंगही बदलून घ्या. तिची गळती हुबेहूब इंजिनच्या मागच्या सीलच्या गळतीसारखी दिसते.

प्रश्न: माझी २०११ची बीएमडब्ल्यू आर १२०० जीएस मोटरसायकल आहे. मागच्या सर्व्हिसिंगनंतर मागच्या रिमच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ दिसतात. शाफ्टच्या नळीतून येतंय का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: नाही. तुमच्या गाडीत शाफ्ट कोरडाच फिरतो, त्यामुळे वरची मोजणी इथे लागू नाही. रिमवर आलेलं तेल फायनल ड्राइव्हच्या मोठ्या सीलमधून आलंय. सर्व्हिसिंगनंतरच सुरू झालं म्हणता, म्हणजे पहिला संशय जास्त भरलेल्या तेलाचा. बदलताना यात १८० मिली जातं, काठोकाठ भरायचं नसतं. सगळं काढा आणि मोजा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असेल तर चिंता नाही, पण चकत्या किंवा कण हाताला लागले तर गाडी थांबवा. मेन स्टँडवर चाक वर आणि खाली धरून हलवा. खट्कन आवाज आला तर बेअरिंग गेलंय, आणि ते न बदलता नवं सील टाकलं तर तेही लवकरच गळेल. खेळ नसेल तर १८० मिली भरून काही दिवस बघा. चाकाचे पाचही बोल्ट ६० न्यूटन मीटरला, टॉर्क रेंचनेच. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर ते धुऊन परत लावू नका, नवे टाका.