जिचं नाव प्रकरणाला चिकटलं, तिचं पुस्तक लिहिताना

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एका बड्या पुढाऱ्याच्या प्रकरणात ज्यांचं नाव वर्षानुवर्षं घेतलं गेलं, त्या बाई आता बोलायला तयार आहेत आणि प्रकाशकाने शब्दांकनासाठी तुला विचारलंय. ‘ताई, हे काम घेऊ का?’ असं तू विचारतोस. घे. पण त्यांच्यासमोर रेकॉर्डर ठेवण्याआधी क्रिस्टीन कीलरबद्दल सगळं वाचून काढ. तिचं एखादंच पुस्तक वाचून भागणार नाही. तिने आपली गोष्ट किती वेळा सांगितली, कुणाला सांगितली आणि कुणाच्या पैशावर सांगितली, ते वाच.

तिचं प्रकरण तुला ढोबळ माहीत असेल. जुलै १९६१ मध्ये लॉर्ड अ‍ॅस्टर यांच्या क्लिव्हडन इस्टेटीवर, पोहण्याच्या तलावापाशी, ब्रिटनचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो यांची तिच्याशी गाठ पडली. ते ४६ वर्षांचे, विवाहित. ती १९ वर्षांची, सोहोतल्या एका कॅबरे क्लबात काम केलेली. तिला तिथे घेऊन गेला होता स्टीफन वॉर्ड. तो धंद्याने ऑस्टिओपॅथ, बड्या लोकांच्या पाठदुखीवर उपचार करणारा आणि त्यांची चित्रंही काढणारा. येवगेनी इवानोव्ह नावाचा सोव्हिएत दूतावासातला नौदल अधिकारी त्याचा मित्र, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, तोही तिथे होता. मंत्र्याचे आणि तिचे संबंध फार काळ टिकले नाहीत. डिसेंबर १९६२ मध्ये तिच्या एका माजी प्रियकराने वॉर्डच्या घरावर गोळ्या झाडल्या आणि वर्तमानपत्रांना वास लागला. तेव्हा क्यूबाच्या क्षेपणास्त्रांचा पेच सुटून जेमतेम दोन महिने झाले होते. २२ मार्च १९६३ रोजी प्रोफ्यूमोंनी पार्लमेंटात सांगितलं की या मुलीशी त्यांचे काहीही गैर संबंध नव्हते. ५ जूनला ते खोटं कबूल करून त्यांनी राजीनामा दिला.

एवढी हकिकत कुठेही मिळते. तू तिच्या सांगण्याचा हिशोब बघ.

जानेवारी १९६३ मध्ये तिने ‘संडे पिक्टोरियल’ला आपली कहाणी विकायचं ठरवलं. एक हजार पौंड ठरले, त्यातले दोनशे हातात. प्रोफ्यूमोंनी तिला लिहिलेलं एक पत्रही तिने त्या वर्तमानपत्राच्या हवाली केलं. त्यांनी ते तेव्हा छापलंच नाही. जूनमध्ये, राजीनाम्यानंतर, ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ने २३ हजार पौंड मोजले. १९६९ साली त्याच वर्तमानपत्राचा नवा मालक रुपर्ट मरडॉक याने २१ हजार पौंड देऊन तिच्या आठवणी पुन्हा छापल्या आणि प्रेस कौन्सिलने त्याच्यावर ठपका ठेवला. मग १९८३ साली पुस्तक. १९८९ साली या प्रकरणावर चित्रपट आला त्या सुमाराला आणखी एक. २००१ साली डग्लस थॉम्पसन या पत्रकाराच्या सोबतीने आणखी एक.

या कथनांचा आपसात मेळ बसत नाही. त्यावरून तिला खोटारडी ठरवून मोकळे झालेले खूप आहेत. मला वाटतं त्यांनी वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत. प्रत्येक वेळी समोर बसलेल्या माणसाला काहीतरी हवं होतं. १९६३ च्या वार्ताहरांना मंत्र्याचा पलंग हवा होता. १९६९ मध्ये तोच शिळा माल ताजा करून हवा होता. १९८९ मध्ये चित्रपटाशी जुळणारी गोष्ट हवी होती. २००१ पर्यंत शय्येत कुणालाच रस उरला नव्हता, तेव्हा हेरगिरी पुढे आली: वॉर्ड हा सोव्हिएत हेरांचा म्होरक्या होता, खुद्द गुप्तचर खात्याचे प्रमुख रॉजर हॉलिस त्याच्या घरी येत असत, वगैरे. याला आधार मिळालेला नाही आणि बहुतेक इतिहासकार ते मानत नाहीत. पण हा दावा कुठून आला ते समजून घे. ज्या बाईकडे जगाने एकच गोष्ट विकणारी म्हणून पाहिलं, तिला दर दहा-पंधरा वर्षांनी त्या गोष्टीत काहीतरी नवं घालून द्यावं लागलं. पोटाचा प्रश्न होता. लंडनमधल्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, भाड्याच्या घरात राहून, नाव बदलून ती मिळेल ते काम करत होती.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की त्या बाईंसमोर तू ‘हवं असलेला’ माणूस होऊन बसू नकोस. प्रकाशकाला ते एक प्रकरण हवं असणार, तो तुला त्याबद्दल दर आठवड्याला विचारेल. तू ते विचारूच नकोस. पहिल्या काही बैठकांत त्या पुढाऱ्याचं नावही काढू नकोस. त्यांना शाळेबद्दल विचार, आईबद्दल विचार, पहिला पगार कशावर खर्च केला ते विचार. त्या स्वतःच त्या विषयाकडे वळल्या तर ऐक. बाई किती वेळ टाळतात, कोणत्या वळणावर येऊन थांबतात, हेही टिपून ठेव.

कीलरच्या पुस्तकांतली माझ्या मते सर्वांत खरी पानं सुरुवातीची आहेत, आणि त्यांबद्दल जवळपास कुणी लिहीत नाही. रेज़बरी नावाच्या गावात रेल्वेचे दोन जुने डबे जोडून केलेल्या घरात ती वाढली. नऊ वर्षांची असताना शाळेच्या आरोग्य तपासणीत ती कुपोषित आढळली आणि तिला समुद्राकाठच्या एका मुलांच्या विश्रामगृहात पाठवलं गेलं. घरी सावत्र बापाची भीती. सतराव्या वर्षी दिवस राहिले, ते निस्तरण्याचा तिने स्वतःच जिवावर बेतणारा प्रयत्न केला, मूल अपुऱ्या दिवसांचं जन्मलं आणि सहा दिवस जगलं. हे सगळं क्लिव्हडनच्या तलावाआधीचं. ही पानं वाचून झाली की तो तलाव वेगळा दिसतो. तिथे उभी असलेली मुलगी मोठ्या पुरुषांना वळवणारी कुणी मोहिनी राहत नाही. मोठी माणसं आपल्याकडे चांगल्या नजरेने पाहताहेत एवढ्यानेच हरखून जाणारी पोर दिसते. या पानांना कुणी जादा पैसे दिले नव्हते, म्हणून त्यांवर माझा विश्वास बसतो.

आता तिच्या पुस्तकावरचा माझा राग सांगते. तोही तुझ्या कामाचा आहे. वॉर्डवर १९६३ च्या जुलैत ओल्ड बेली कोर्टात खटला चालला. आरोप काय, तर क्रिस्टीन आणि तिची मैत्रीण मँडी राइस-डेव्हिस यांच्या ‘अनैतिक कमाईवर’ तो जगला. खरं तर या मुलीच त्याच्या घरी राहून त्याचं खात होत्या. न्यायाधीशांचं समारोपाचं भाषण संपत आलं त्या रात्री त्याने झोपेच्या गोळ्या घेतल्या. तो बेशुद्ध असतानाच दोन आरोपांवर दोषी ठरला आणि ३ ऑगस्टला गेला. त्याचे उमराव मित्र साक्षीला फिरकले नाहीत. अशा माणसावर २००१ मध्ये, त्याच्या मरणानंतर ३८ वर्षांनी, देशद्रोहाचा आरोप पुस्तकात छापला गेला. त्याला उत्तर देणं शक्यच नव्हतं. इथे शब्दांकन करणाऱ्याने हात धरायला हवा होता. तिची बाजू घेणं म्हणजे तिने केलेला प्रत्येक आरोप छापणं नव्हे. तुझ्या बाईंच्या बोलण्यातही कुणी मेलेलं, कुणी परागंदा झालेलं, कुणी गरीब ड्रायव्हर किंवा बंगल्यावरची कामवाली येईल. त्यांच्याबद्दल बाईंनी स्वतः डोळ्यांनी काय पाहिलं आणि काय कानावर आलं, हे मजकुरातच स्पष्ट लिही. ‘मी पाहिलं’ आणि ‘मला नंतर कळलं’ या दोन्ही गोष्टी एका वाक्यात घालू नकोस.

तारखा मात्र कोर्टातल्यासारख्या तपास. क्रिस्टीनला कशाने संपवलं ठाऊक आहे? पार्लमेंटात खोटं बोललेल्या मंत्र्याचं पद गेलं, पण तुरुंग नाही. शपथेवर खोटं बोललेल्या मुलीला मात्र डिसेंबर १९६३ मध्ये नऊ महिन्यांची शिक्षा झाली, तीही ज्याने तिच्यावर हल्ला केल्याचं तिने सांगितलं होतं त्या माणसाच्या खटल्यात: घटनेच्या वेळी हजर असलेल्या दोन साक्षीदारांबद्दल ती खोटं बोलली होती. २१ व्या वर्षी ती हॉलोवे तुरुंगात गेली. पुढे ती काहीही म्हणाली तरी ‘हिला खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झालीय’ एवढं वाक्य पुरत असे. तुझ्या पुस्तकात एक तारीख चुकली, एका मुक्कामाचं गाव चुकलं, की समोरची बाजू तेवढंच पान धरून नाचवेल आणि उरलेली सगळी पानं खोटी ठरवेल. बाईंना आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ असंच छाप. वाचक ते मान्य करतो.

प्रोफ्यूमोंचं पुढे काय झालं तेही वाच. त्यांनी लंडनच्या ईस्ट एंडमध्ये टॉयन्बी हॉल या संस्थेत गरिबांसाठी वर्षानुवर्षं काम केलं, १९७५ मध्ये त्यांना सीबीई किताब मिळाला, १९९५ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या मेजवानीत ते राणीच्या शेजारी बसले. २००६ मध्ये वारले, तोवर प्रकरणाबद्दल जाहीरपणे एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं काम खरं होतं, ते मी कमी लेखत नाही. पण १९६९ मध्ये क्रिस्टीनच्या आठवणी छापून आल्या तेव्हा लोक तिच्यावर चिडले ते याच कारणाने, की बिचारा प्रायश्चित्त घेतोय, ही का उकरून काढतेय? ज्याच्याकडे घर, मालमत्ता, बायकोची साथ आणि मित्र आहेत त्याला गप्प राहणं परवडतं. तिच्याकडे विकण्यासारखं दुसरं काय होतं? तिच्याबद्दल सरकारी अहवाल छापून झाला होता. न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांचा तो अहवाल घ्यायला सप्टेंबर १९६३ मध्ये मध्यरात्री रांगा लागल्या होत्या. तिच्या नावावरचं पहिलं पुस्तक त्यानंतर वीस वर्षांनी आलं. तुझ्या बाईंनाही ‘आता कशाला?’ हा प्रश्न विचारला जाईल. त्याचं उत्तर प्रस्तावनेत तू देऊ नकोस. त्यांना द्यायचं असेल तर त्या देतील.

मँडीचं पुस्तक १९८० मध्ये आलं. ती वेगळ्या धातूची. कोर्टात लॉर्ड अ‍ॅस्टर आपल्याशी संबंध नाकारतात असं तिला सांगितलं, तेव्हा ‘ते तसंच म्हणणार ना!’ एवढं म्हणून ती मोकळी झाली. प्रत्येकीला असं जमत नाही. तुझ्या बाईंना हजरजबाबी करून दाखवायचा मोह टाळ.

अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्याशी असलेल्या संबंधांवरून बदनाम झालेल्या मोनिका लेविन्स्कीचं उदाहरण मात्र सोबत ठेव. १९९९ मध्ये तिची कहाणी अँड्र्यू मॉर्टन यांच्या हातून पुस्तकात आली. २०१४ मध्ये तिने ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकात स्वतः लेख लिहिला. दोन्ही ओळीने वाच. दुसऱ्या वेळी ती कुणाचीच फिर्यादी नाही आणि कुणाची प्रेयसीही नाही. भर चौकात बदनाम झाल्यावर माणूस जगतो कसा, त्याबद्दल ती बोलते. त्यासाठी पंधरा वर्षं जावी लागली. तुझ्या बाई कोणत्या टप्प्यावर आहेत ते ओळख. जखम अजून ओली असेल तर पुस्तक एक वर्ष पुढे ढकल. प्रकाशकाशी मी बोलते.

आपल्याकडे अभिनेत्री हंसा वाडकरांनी सांगितलं आणि अरुण साधूंनी शब्दबद्ध केलं, ते ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मचरित्र पन्नास वर्षांहून जास्त काळ वाचलं जातंय. त्यात ऐकणारा कुठेही बाईंच्या पुढे येत नाही, त्यांना शहाणं करत नाही, त्यांची बाजू मांडत नाही. तू तरुण मुलगा आहेस आणि एक प्रौढ बाई तुझ्याशी खासगी आयुष्य बोलणार आहेत, त्यामुळे हे तुला जास्त जपावं लागेल. बैठकीला त्यांना हवी असेल ती मैत्रीण किंवा बहीण खोलीत बसू दे.

आता व्यवहाराचं. करारपत्रात चार गोष्टी घालून घे. शेवटची मुद्रितं बाई स्वतः वाचतील आणि कुठलंही पान काढायचा अधिकार त्यांचा राहील. रॉयल्टी त्यांच्या खात्यात, तुझं मानधन वेगळं. वर्तमानपत्रात किंवा दिवाळी अंकात आधी उतारा द्यायचा तर तो कोणता हे बाई ठरवतील. आणि मुखपृष्ठावरचा फोटो त्यांच्या लेखी संमतीशिवाय जाणार नाही. क्रिस्टीनचा खुर्चीवर उलटं बसलेला लुईस मॉर्ली यांचा फोटो मे १९६३ चा, एका नियोजित चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला. करारात नग्न फोटो द्यायचं लिहिलेलं, तिला ते नको होतं, म्हणून मॉर्लींनी खुर्चीची पाठ आडोशाला घेतली. चित्रपट तेव्हा ब्रिटनमध्ये दिसलाच नाही, पण ती खुर्ची आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. २०१७ मध्ये पंचाहत्तराव्या वर्षी ती गेली, तेव्हाही सगळीकडे तोच फोटो छापला.

बदनामीच्या दाव्याचं वकिलाला आधीच विचार, हस्तलिखित पुरं झाल्यावर नको. कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव.

तुझी,
ताई