वाचकांचे प्रश्न : प्रोसेसरसाठी थर्मल पेस्ट कशी निवडावी?

उन्हाळा सुरू झाला की संगणक तापण्याच्या तक्रारी या सदराकडे वाढतात. यंदा सीमाभागातील चार वाचकांनी थर्मल पेस्टविषयीच, म्हणजे प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा (हीटसिंक) यांच्यामध्ये लावायच्या लेपाविषयीच, विचारले असल्यामुळे हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझे निपाणीत डीटीपी आणि झेरॉक्सचे दुकान आहे. दुकानातील डेस्कटॉपमध्ये सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर असून त्यावर मूळचाच पंखा आहे. लग्नसराईत मराठी आणि कन्नड पत्रिकांचे काम दोन-तीन तास सलग केले की संगणक मंदावतो आणि त्याचे तापमान ९५ अंशांच्या पुढे गेलेले दिसते. दुरुस्ती करणाऱ्याच्या मते पेस्ट वाळली आहे. स्वस्त आणि महाग पेस्टच्या किमतींत कितीतरी पटींचा फरक आहे. मी कोणती घ्यावी?

उत्तर : आपल्या प्रोसेसरचा उष्णतेचा भार साधारण ६५ वॉटचा आहे, आणि एवढ्या भारासाठी आर्क्टिकची एमएक्स-४, नॉक्टुआची एनटी-एच१ किंवा कूलर मास्टरची मास्टरजेल यांपैकी जी ताजी आणि सीलबंद मिळेल ती घ्यावी. वीज वाहून न नेणारी, मध्यम किमतीची आणि माहितीतल्या कंपनीची पेस्ट असली की आपले काम होते. त्याहून महाग नळीवर पैसे घालू नयेत, असे मी ठामपणे सांगतो, आणि त्यामागचे कारणही मांडतो.

प्रोसेसरच्या वरचे धातूचे झाकण आणि हीटसिंकचा तळ हे दोन्ही डोळ्यांना सपाट दिसतात, पण तसे नसतात. बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर ब्लू (निळा रंग) लावून घासतात, तेव्हा रंग सगळीकडे न लागता फक्त उंचवट्यांवर लागतो. येथेही तसेच असते. दोन धातू काही ठिकाणी टेकतात आणि उरलेल्या खळग्यांत हवा राहते. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ४०० वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास आहे, तर हवेची जेमतेम ०.०२६ आहे. ती हवा हुसकावून तिची जागा घेणे, एवढेच पेस्टचे काम असते.

आता हिशेब पाहा. संपर्काची जागा ३ सेंटिमीटर लांब-रुंद आणि मधल्या थराची जाडी ५० मायक्रॉन धरली, तर ६५ वॉट उष्णता पलीकडे जाताना, ज्या पेस्टचा अंक (म्हणजे उष्णता वाहून नेण्याची क्षमता, वरच्याच एककात) ४ आहे तिच्या थरात सुमारे ०.९ अंशाचा फरक पडतो आणि ज्या महाग पेस्टचा अंक १२ आहे तिच्यात ०.३ अंशाचा. त्याच थरात नुसती हवा असती, तर हिशेबाने हा फरक १४० अंशांच्या आसपास गेला असता. प्रत्यक्षात उष्णता झाकणाखालच्या लहानशा चिपमधून येते आणि सगळ्या झाकणावर सारखी पसरत नाही, त्यामुळे दोन पेस्टमधला फरक थोडा वाढतो. तरीही आपल्या यंत्रात तो एक-दोन अंशांपलीकडे जाणार नाही. पेस्ट नीट लागली आहे की नाही, यावर दहा-वीस अंश अवलंबून असतात.

पाकिटावर ठळक छापलेल्या त्या अंकावरही फार विसंबू नये. तो मोजण्याची पद्धत सगळ्या कंपन्यांची एकच नसते, आणि पेस्ट दाबाखाली किती पातळ होते हे त्या अंकातून कळत नाही. १२ अंकाची घट्ट पेस्ट जाड थरात राहिली, तर ८ अंकाची पण सहज पसरणारी पेस्ट तिच्यापेक्षा चांगले काम करते.

आपल्या पत्रात निपाणी हे गाव वाचले तेव्हा मला आधी धूळ आठवली. तंबाखूच्या वखारींजवळच्या एका दुकानातला संगणक मी उघडला होता. पंख्याखाली, हीटसिंकच्या पात्यांवर तपकिरी धूळ नमद्यासारखी दाबून बसली होती आणि ती चिमट्याने धरून एका तुकड्यात उचलता आली. तो थर निघाल्यावर, पेस्टला हात लावण्यापूर्वीच, तापमान बऱ्यापैकी उतरले. म्हणून आपण प्रथम संगणक बंद करून, वायर काढून, पात्यांतली धूळ मऊ ब्रशने आणि ब्लोअरने काढावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे ते भरकन फिरून खराब होणार नाही.

दुसरी शंका पंख्याच्या पायांची. इंटेलच्या मूळ पंख्याला चार प्लास्टिकचे पाय असतात आणि ते मदरबोर्डच्या छिद्रांत ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबावे लागतात. यांपैकी एक पाय अर्धवट बसला तर हीटसिंक एका कोपऱ्यात उचललेला राहतो. असा हीटसिंक काढून पाहिला की पेस्ट तीन बाजूंना पातळ पसरलेली आणि एका कोपऱ्यात, लावली तेव्हा होती तशीच, जाड आणि चकचकीत दिसते. अशा वेळी कितीही महाग पेस्ट लावली तरी उपयोग होत नाही. पाय कर्णरेषेत, म्हणजे समोरासमोरचे दोन आणि मग उरलेले दोन, असे दाबावेत, आणि जमल्यास बोर्डाच्या मागून चारही टोके सारखी बाहेर आली आहेत का हे पाहावे.

जुनी पेस्ट काढताना ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत ते आयपीए या नावाने मिळते. हात धुण्याचे सॅनिटायझर चालत नाही, कारण त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि त्याचा पातळ थर मागे राहतो. थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रव यांना तर जवळही आणू नये. सुती, पण धागे न सोडणारे कापड अल्कोहोलमध्ये ओले करून दोन्ही पृष्ठभाग पुसावेत, कापडावर करडा डाग येणे थांबेपर्यंत पुसावेत, आणि त्यानंतर तेथे बोट लावू नये.

नवी पेस्ट झाकणाच्या मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी ठेवली की पुरे. वर धरलेल्या मापाच्या थराला सुमारे ४५ घन मिलिमीटर पेस्ट लागते, आणि तुरीचा दाणा त्याहून किंचित मोठाच असतो. ती बोटाने पसरवण्याची गरज नसते. हीटसिंक सरळ खाली ठेवून दाबला की ती आपोआप पसरते. एकदा टेकवलेला हीटसिंक उचलून ‘नीट पसरली का’ हे पाहू नये, कारण पुन्हा ठेवताना मध्ये हवेचे बुडबुडे अडकतात. तसे उचललेच, तर पुसून नव्याने लावावी.

फरक मोजताना खोलीचे तापमानही लिहून ठेवावे. एप्रिलच्या दुपारी खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसर ८० वर असेल आणि जुलैच्या पावसात २४ अंश असताना तो ६९ वर दिसला, तर पेस्टमुळे काहीही सुधारलेले नाही. प्रोसेसर आणि खोली यांच्यातला फरक दोन्ही वेळा ४५ अंशांचाच आहे. तेच पत्रिकेचे काम अर्धा तास करून, पेस्ट बदलण्यापूर्वी आणि नंतर, हा फरक ताडून पाहावा.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर घेऊन स्वतः संगणक जोडणार आहे. सोबतच्या रेथ स्टेल्थ कूलरवर (हीटसिंक आणि पंख्याच्या जोडीवर) कारखान्यातच पेस्ट लावलेली आहे. ती पुसून चांगली पेस्ट लावू का?

उत्तर : लावू नका. कारखान्यात लावलेल्या त्या थराचे प्रमाण योग्य असते आणि या ६५ वॉटच्या प्रोसेसरला ती पेस्ट व्यवस्थित पुरते. वाचलेल्या पैशांत कॅबिनेटसाठी एक जादा पंखा घ्या, त्याचा फायदा अधिक दिसेल. तोवर त्या थराला बोट लागू देऊ नका आणि कूलर खोक्यातून काढल्यावर टेबलावर पालथा ठेवू नका.

पुढे कधी कूलर काढावा लागला, तर मात्र एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, कारण तिचा फटका मी स्वतः खाल्लेला आहे. आपल्या प्रोसेसरचा एएम-४ हा सॉकेट (मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा) असा आहे की पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि त्याला वरून दाबून धरणारी धातूची चौकट नसते. बेळगावात शहापूरमधील एका परिचितांचा संगणक उघडताना मी थंड असलेला कूलर सरळ वर ओढला. वाळलेल्या पेस्टने प्रोसेसर कूलरला घट्ट धरून ठेवला होता. सॉकेटची कुलूपदांडी बंद असतानाच तो कूलरबरोबर उपटून वर आला आणि कडेच्या काही पिना वाकल्या. प्रोसेसरच्या पोटाला अशा १३३१ पिना असतात. पेनपेन्सिलीचे पोकळ टोक एकेका पिनेवर चढवून ती सरळ करण्यात माझी पूर्ण संध्याकाळ गेली, आणि संगणक चालू होईपर्यंत त्या गृहस्थांच्या चेहऱ्याकडे पाहणे मला जड गेले. तेव्हापासून मी आधी संगणक दहा-पंधरा मिनिटे कामाला लावून पेस्ट ऊबदार करतो, मग बंद करून वायर काढतो, स्क्रू सोडवतो, आणि कूलर उचलण्यापूर्वी डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवून सुटा करून घेतो.

प्रश्न : उद्यमबागेत आमचे मशीनशॉप आहे. कॅडच्या कामासाठी बाराव्या पिढीच्या आय-७ चा संगणक रोज दहा तास चालतो. लिक्विड मेटल सर्वांत उत्तम असे ऐकले. ते वापरावे का?

उत्तर : आपण धातूंत काम करता, म्हणून आपल्याला हे लगेच पटेल. लिक्विड मेटल हे गॅलियमचे मिश्रण असते. त्याचा अंक ७० च्या आसपास जातो हे खरे आहे, पण गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणांच्या सीमांमधून आत शिरते आणि तो धातू ठिसूळ करते. आपल्या कूलरचा तळ ॲल्युमिनियमचा असेल तर तो कायमचा खराब होईल. तांब्यावर ते हळूहळू मुरते आणि डाग सोडते. निकेलचा मुलामा असेल तरच ते निभावते. शिवाय ते वीज वाहून नेते, आणि त्याचा एक थेंब मदरबोर्डावर ओघळला तर शॉर्ट सर्किट होऊ शकते. ज्या खोलीत बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) किसाची बारीक भुकटी हवेत असते, तेथे संगणक वारंवार उघडून साफ करावा लागतो, आणि प्रत्येक वेळी तो धोका नव्याने पत्करावा लागेल. कामाच्या यंत्रात ते वापरू नये.

आपली अडचण वेगळी आहे. यंत्र सकाळी तापते आणि रात्री थंड होते. या रोजच्या प्रसरण-आकुंचनाने पातळ पेस्ट हळूहळू कडांकडे ढकलली जाते आणि मधला भाग कोरडा पडतो. त्यामुळे आपल्यासाठी थोडी घट्ट आणि टिकाऊ पेस्ट निवडणे श्रेयस्कर ठरेल. त्याहून चांगला पर्याय म्हणजे हनीवेलच्या पीटीएम ७९५० सारखा पातळ पॅड. तो खोलीच्या तापमानाला घन असतो, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन खळगे भरतो आणि पेस्टसारखा वाळत नाही. बसवण्यापूर्वी तो पाच-दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवला, तर त्याचे प्लास्टिकचे आवरण न फाटता निघते. बसवल्यावर तापण्या-निवण्याची काही आवर्तने झाल्यानंतरच त्याचे खरे तापमान कळते, म्हणून पहिल्या तासाचा आकडा पाहून निराश होऊ नये.

आणखी एक बाब. आपल्या प्रोसेसरचे झाकण लांबट आहे, आणि सॉकेटची पकड मध्यभागीच दाब देत असल्याने ते किंचित वाकते. पेस्टच वापरायची असेल तर मध्ये एकच ठिपका न ठेवता, लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ आणि चार कोपऱ्यांकडे चार लहान ठिपके द्यावेत. वाक घालवण्यासाठी बाजारात स्वतंत्र चौकट मिळते, परंतु तिच्यासाठी मूळ पकड काढावी लागते आणि त्यातून वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. वॉरंटी चालू असेपर्यंत त्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : मी चिकोडीत टीव्ही आणि स्टॅबिलायझर दुरुस्त करतो. ट्रान्झिस्टरला लावायचे पांढरे हीटसिंक कंपाउंड माझ्याकडे भरपूर आहे. ते प्रोसेसरला चालेल का? आणि अडीअडचणीला टूथपेस्ट चालते हे खरे आहे का?

उत्तर : पांढरे कंपाउंड म्हणजे बहुधा सिलिकॉन तेलात कालवलेले झिंक ऑक्साइड. त्याचा अंक साधारण १ च्या आत-बाहेर असतो. वर दिलेल्या हिशेबाने ६५ वॉटच्या प्रोसेसरवर त्यामुळे तीन-चार अंश, किंवा प्रत्यक्षात त्याहून थोडे अधिक, वाढतील. गिऱ्हाइकाचा जुना संगणक आज संध्याकाळीच चालू करून द्यायचा असेल, तर ते लावण्यात गैर नाही. मात्र त्यातील तेल सुटून वर येते आणि उरलेला भाग खडूसारखा कोरडा होतो, त्यामुळे चांगली पेस्ट मिळताच ते बदलावे. आपल्या डब्याचे झाकण उघडल्यावर वर तेल तरंगताना दिसत असेल, तर ते स्वच्छ काडीने पूर्ण ढवळून मगच वापरावे.

टूथपेस्ट लावू नये. तिच्यात पाणी असते, म्हणून ती पहिले काही दिवस खळगे भरून काम केल्यासारखी दिसते. पाणी उडाले की तिचा कडक पापुद्रा होतो, त्याला भेगा पडतात आणि त्या भेगांत पुन्हा हवा येऊन बसते.

उरलेली पेस्ट साठवताना नळीचे टोक पुसून टोपण घट्ट लावावे आणि ती सावलीत, टोक खाली करून ठेवावी. पुढच्या वेळी पहिला थेंब कागदावर दाबून पाहावा. तो रवाळ निघाला किंवा तेल वेगळे आले, तर ती नळी टाकून द्यावी.